तिसरं कडवं गाळायचं नाही

"थांबा! थांबा म्हणतो ना! तिसरं कुठं गेलं? कुणी खाल्लं तिसरं?"

हे ओरडणारा माणूस पलंगावर आडवा होता. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगावर मुलीनं गुंडाळलेली गोधडी, आणि वजन म्हणाल तर कुणी जोरात शिंकलं असतं तर खिडकीतून उडून थेट रूट एटी हायवेवर जाऊन पडला असता. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येणारी, नर्स सकाळीच त्याच्या मुलीला, करुणाला, बाजूला घेऊन सांगून गेली होती, की आता ते फारसं बोलणार नाहीत, बोललेच तर कुजबुजतील. आणि हा देवदान साळवे असा कुजबुजला, की बाहेर ड्राइव्हवेत उभ्या माझ्या गाडीचा अलार्म वाजायला लागला! आमची ही म्हणते, अलार्म तुम्ही खिशातल्या किल्लीवर बसलात म्हणून वाजला. असेल. पण ती त्या खोलीत नव्हती, मी होतो.

झालं होतं असं, की पार्सिपनीच्या मराठी मंडळीतले (चर्चच्या भाविकांना ते 'मंडळी' म्हणतात) आम्ही पाच-सहा जण त्याच्यासाठी गायला गेलो होतो. आम्ही म्हणजे ते सगळे ख्रिस्ती, आणि ढोलकीवर मी एकटा नागपूरचा हिंदू. गाणार होतो ते त्याचं सगळ्यात लाडकं गीत. जुन्या इंग्रजी चालीवर बसवलेलं, चार कडव्यांचं. पहिल्या कडव्यात देवाची थोरवी, दुसऱ्यात त्याची माया, चौथ्यात स्वर्गाचं दार उघडतं आणि सगळे आनंदानं आत जातात. आणि तिसऱ्यात... तिसऱ्यात माणूस रडत असतो. म्हणून आम्ही ड्राइव्हवेतच कुजबुजून ठरवलं होतं, की मरणाच्या उंबऱ्यावरच्या माणसापुढं ते रडकं कडवं नको. दुसरं संपलं की मी ढोलकीवर एक जोरदार तिहाई वाजवायची आणि सगळ्यांनी टुणकन चौथ्यावर उडी मारायची. बेत इतका चोख होता की बँक लुटायला चालला असता. पण पहारेकरी जागा होता.

"नागपूरकर, हा कट तुझा ना?" डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं विचारलं.

"अरे, तुला दम लागेल म्हणून..."

"दम मला लागेल. तुला काय? गा!"

गायलो. पहिल्यापासून, चारही. तिसऱ्याला त्याचे ओठ हलले, आवाज नाही आला. मग बाकीचे चहाला खाली गेल्यावर त्यानं माझं मनगट धरलं. "माझ्या मातीच्या वेळी हे कडवं तू उचलायचंस. बाकीचे रडत बसतील. तू निर्लज्ज आहेस, तुझा तरी आवाज निघेल."

"उचलतो. दोनदा उचलतो."

"एकदाच उचल. पण सुरात उचल."

त्याच आठवड्यात करुणाचा फोन आला. ती इथंच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. "काका... ही इज गॉन," एवढंच म्हणाली. आणि मी, ज्याला आमच्या मित्रमंडळात 'बंद न होणारा नळ' म्हणतात, त्या मला एक शब्द सुचला नाही. फोन कानाला लावून गॅरेजमध्ये उभा राहिलो. समोर भिंतीला ढोलकी टांगलेली होती.

त्यानं मला चर्चमध्ये ओढून न्यायला ती ढोलकीच निमित्त झाली होती. तेव्हा आम्ही दोघंही नवे होतो, केस होते. महाराष्ट्र मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसायचा. बास्केटबॉलच्या जाळीखाली बाप्पा. मी ढोलकीवर. आरती रंगात आलेली, आणि अचानक मागून असा एक आवाज आला, की जिमच्या छताला अडकलेला कुठल्या तरी पोराचा जुना बॉल टप्पकन खाली पडला. मी शपथेवर सांगतो. आरती संपली, तो आवाज संपेना! वळून बघतो तर एक काळासावळा, रुंद छातीचा गडी, डोळे मिटून शेवटचा सूर धरून उभा. शेजारी त्याची बायको, सुवार्ता, त्याच्या कोटाची बाही ओढतेय, "अहो, पुरे, लोक प्रसादाला थांबलेत." ओळख झाली. नगरकडचे, ख्रिस्ती. मी नागपुरी आगाऊपणे विचारलं, "मग तुम्ही इकडं कसे?" तर म्हणतो, "मोदकाला आलो. मोदकाची जात कोणती?" आणि लगेच, "ढोलकी बरी वाजवतोस. महिन्यातला एक रविवार मला दे, आमच्या उपासनेला."

"पण मी हिंदू आहे."

"आणि ढोलकी?"

गेलो. गेलो तो इतकी वर्षं जातोच आहे.

मराठी मंडळीला स्वतःचं चर्च नाही. एका जुन्या अमेरिकन चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी, त्यांची उपासना आटोपली की दुपारी आपली. कधी कधी दोघांची मिळून एकत्र. पेटीवर सुवार्तावहिनी, ढोलकीवर मी, आणि पुढं देवदान. मी तोवर समजत होतो की चर्चमधलं गाणं म्हणजे थंडगार, शिस्तीतलं, पांढऱ्या झग्यातलं. आणि इथं बघतो तर झांजा, डिमडी, ओव्या, अभंगाच्या चाली! डोळे मिटले तर नागपूरच्या आमच्या महालातल्या भजनी मंडळात बसल्यासारखं वाटावं. देवदानचा बाप गावोगाव फिरून येशूची कीर्तनं करायचा, खांद्यावर उपरणं, कपाळाला बुक्का नाही एवढाच फरक. गावातल्या छोट्या देवळात (ते चर्चला देऊळच म्हणायचे) त्या बापाचा एक नियम होता. गीत हातात घेतलं की पुरं करायचं. अर्धं गीत सोडणं म्हणजे ताटावरून उठणं. आणि देवदाननं तो नियम चपला, घोंगडी, लोणच्याची बरणी यांच्याबरोबर विमानात घालून न्यू जर्सीत आणला.

इथं त्याची गाठ पडली बेट्टीशी. बेट्टी त्या अमेरिकन चर्चची ऑर्गन वाजवणारी. काडीसारखी बाई, केस कापसासारखे, आणि ऑर्गनवर बसली की पाठ अशी ताठ, जणू कुणी पट्टी लावून बांधलीय. पहिल्याच एकत्र उपासनेत तिथल्या त्या वेळच्या पास्टरनं जाहीर केलं, "कडवं पहिलं, दुसरं आणि चौथं." ही इथली रीतच. कुणाला विचारा, सगळ्यांना वाटतं तशीच असते. मागच्या बाकावरून देवदान उठला आणि हात उंच करून त्यानं तीन बोटं दाखवली. पास्टरला वाटलं याला बाथरूमला जायचंय. त्यानं प्रेमानं दाराकडं बोट केलं!

उपासनेनंतर हा गडी थेट ऑर्गनपाशी. "बाई, तुम्ही तिसरं का गाळता?"

बेट्टीनं चष्म्यावरून पाहिलं. "कारण बारा वाजता माझा मांसाचा रोस्ट ओव्हनमधून बाहेर यावा लागतो. चारही कडवी गायली तर तो जळतो."

"म्हणजे तुमच्या रोस्टसाठी तुम्ही माणसाला रडू देत नाही?"

"मिस्टर सॅल्व्ही, तुम्ही माझ्या नवऱ्याला करपलेला रोस्ट वाढून पाहा. मग कोण रडतं ते सांगा."

त्या दिवसापासून दोघांची जी जुंपली ती वर्षानुवर्षं. पास्टर बदलले, गालिचे बदलले. प्रत्येक एकत्र उपासनेला "पहिलं, दुसरं, चौथं" म्हटलं की मागून तीन बोटं वर, आणि बेट्टी आरशात बघून (ऑर्गनवर छोटा आरसा असतो, मागचं दिसायला) मान ठामपणे हलवणार, नाही म्हणून. एकदा तर त्याचं दुखणारं ढोपर धरून तो बाकावर चढला होता तीन बोटं दिसावीत म्हणून. बाक मोडला. म्हणजे... मोडला नाही, करकरला. पण मोडायला काही हरकत नव्हती.

मी त्याला चिडवायचो. "काय रे साळवे, तुमच्या देवाला इतकी स्तुती लागते कशाला? सकाळी स्तुती, संध्याकाळी स्तुती, चार-चार कडवी. इतका हळवा आहे का तो?" आमच्या घरी जेवायला आला होता; हिनं पाटवडीचा रस्सा केलेला. त्यानं वाटी तोंडाला लावून संपवली, मग म्हणाला, "वहिनी, रस्सा म्हणजे... वा! स्वयंपाकाला तोड नाही." ही खूश. मग माझ्याकडं वळून, "आता बघ, मी नसतो बोललो तर वहिनींचा रस्सा काय आंबणार होता? रस्सा होता तसाच राहिला असता. पण न बोलता जो खातो ना, तुझ्यासारखा, त्याच्या तोंडची चव हळूहळू जाते. देवाला स्तुती लागत नाही रे. मला लागते." हिनं त्या दिवशी त्याला दुसरी वाटी वाढली आणि मला विचारलंसुद्धा नाही.

"बरं, मग स्तुतीत रडकं कडवं कशाला?" मी हटून विचारलं.

"कारण जो फक्त गोड झाल्यावरच बोलतो, तो स्तुती नाही करत, टिप देतो." मग हसून, "आणि तुम्ही तरी काय शहाणे? आरतीचं मधलं कडवं कुणाला पाठ नसतं. नुसते ओठ हलवता आणि शेवटच्या ओळीला अशा टाळ्या, जसं काही सगळं तुम्हीच म्हटलं!"

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मी वर्षानुवर्षं मधल्या कडव्याला मासोळीसारखं तोंड हलवताना पाहत आलोय.

मग सुवार्तावहिनी आजारी पडल्या. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. त्या माणसांत आवाज न करता वावरायच्या, आजारातही तशाच वावरल्या. उपासनेला येता येईना तेव्हा पेटी घरी मागवून घेतली आणि बसता येईना तेव्हा तिच्यावर हात ठेवून निजून राहिल्या. आणि कडाक्याच्या थंडीत त्या गेल्या. दफनभूमीत जमीन अशी गोठलेली की माती टाकताना ढेकळं शवपेटीवर दगडासारखी वाजली. देवदाननं गीत स्वतः उचललं. हातमोजे काढून मी ढोलकी धरली होती, बोटं बधिर. पहिलं कडवं त्यानं असं गायलं की पलीकडच्या गोठलेल्या तळ्यावरची बदकं उठून गेली. दुसरं गायलं. मग तिसऱ्यासाठी श्वास घेतला, मला तो श्वास ओळखीचा, वर्षानुवर्षं त्याच्यावर ठेका धरलेला... आणि बाहेर शब्द आले ते चौथ्याचे.

सगळ्यांनी चौथं गायलं. कुणाला कळलंही नाही. आम्ही दोघंच ते जाणून होतो, आणि आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

त्यानंतर तो गायचा बंद झाला. यायचा, दर महिन्याला, कोट घालून, मागच्या बाकावर बसायचा आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचा. उभं राहा म्हटलं की उभा, बसा म्हटलं की बसला. एकत्र उपासनेत "पहिलं, दुसरं, चौथं" म्हणाले तर तीन बोटं वर आली नाहीत. बेट्टीनं आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग वाजवायला सुरुवात करताना, आयुष्यात पहिल्यांदा, तिचा एक सूर चुकला. पुढं त्याच्याशिवाय आमचं गाणं असं व्हायला लागलं, की पाऊस उघडल्यावर उरलेल्या डबक्यातले बेडूकसुद्धा लाजतील. मराठी मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, वेळ द्या. करुणा म्हणाली, काउन्सिलर बघू या. मी म्हटलं, मी जाऊन येतो.

गेलो तर हा स्वयंपाकघरात बसलेला. समोर पेटी, भाता बंद.

"गात का नाहीस?"

"तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. रिकामं. त्याच्यावर सूर लावून कसं गाऊ? खोटं कसं गाऊ मी?"

"अरे, मी रोज इतकं खोटं बोलतो, मला काय झालं?"

तो हसला नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या थापेबाजीत माझी सगळ्यात मोठी थाप वाया गेली ती त्या दिवशी. मी चहा केला, दोघांनी प्यायला. निघताना म्हटलं, "तू गायला नाहीस तर तुझा विश्वास गेला असं समजायचं का?" हा प्रश्न विचारायचा नव्हता. विचारला गेला. पेटीकडं बघत तो म्हणाला, "तेच तर मला कळत नाहीय, नागपूरकर."

असं वर्षभर चाललं असेल, जास्तच. मग एक दिवस मी त्याच्याकडं बसलो असताना दारात बेट्टी! घरात कधी पाऊल न टाकलेली बाई. तिचा नवरा, हॅरल्ड, आदल्याच दिवशी गेला होता. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. पाठ तशीच ताठ. इंग्रजीतच बोलली, पण मला आठवतं ते मराठीतच.

"डेव्ह, शनिवारी हॅरल्डची सर्व्हिस आहे. ते गीत म्हणणार आहोत. मला तिसरं कडवं हवंय."

"बेट्टी, मी आता गात नाही."

"गातोस का असं मी विचारलं नाही. तुला येतं का, एवढंच विचारलं." आणि मग तिचा आवाज जरासा, केसाएवढा हलला. "मला ते येत नाही. इतकी वर्षं वाजवलं, पहिलं, दुसरं, चौथं तोंडपाठ. काल रात्रभर मी ती तीनच म्हणत बसले, आणि तिन्हींत माझ्यासाठी काही नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसेनात. तू म्हण. तुझ्या भाषेत म्हटलंस तरी चालेल."

उत्तराला न थांबता ती वळून गेली. मी खिडकीतून पाहिलं, गाडीत बसून ती किती तरी वेळ नुसती बसून होती.

शनिवारी चर्च भरलेलं. पहिलं झालं, दुसरं झालं, ऑर्गन थांबला नाही आणि अमेरिकन मंडळी गोंधळून पुस्तकात बघायला लागली. देवदान मागच्या बाकावरून उठला. मी आतून सगळे देव पाण्यात घातले, माझे आणि त्याचेही. त्यानं पुस्तक धरलं आणि वाचायला सुरुवात केली. गायला नव्हे, वाचायला. सपाट, बातम्या वाचल्यासारखं:

रात सरेना, वाट दिसेना, ओठी न येई गान;
तुझ्याच दारी बसतो, देवा, खाली घालून मान...

दुसऱ्या ओळीला येईपर्यंत त्या सपाट आवाजाला कुठून तरी सूर चिकटला. कुठं चिकटला ते सांगता येणार नाही, आधी वाचत होता, मग गात होता, मधे सांधा दिसला नाही. आवाज फाटका, घोगरा, माझ्या ढोलकीच्या ढिल्या पुडीसारखा. त्या आवाजानं बदकं उठली नसती, गाडीचा अलार्म वाजला नसता. पण ऑर्गनवरची ती पट्टीसारखी ताठ पाठ... वाकली. वाजवत राहिली, वाकून.

बाहेर पार्किंगमध्ये तो माझ्या गाडीला टेकून उभा राहिला. "बघ ना, लिहिणाऱ्यानं काय करून ठेवलंय. 'ओठी न येई गान' असं गाणंच लिहिलंय! म्हणजे ज्याला गाता येत नाही त्याचीसुद्धा गाण्यात सोय आहे. मी मूर्ख, मला वाटलं आधी आतून भरून यावं लागतं, मग गायचं." थोडं थांबून, "तुम्ही बेडकं वर्षभर गात होता ना, तेव्हा मी तुमच्या गाण्यावर बसून होतो. लहानपणी बैलगाडीत मागं झोपून जायचो तसा. गाव येतच होतं. मी चालत नव्हतो एवढंच."

"बेडूक कुणाला म्हणतोस रे?"

"तुला. तू बेसुरा बेडूक." आणि तो हसला. ते हसू बघायला मी आणखी शंभर वेळा बेडूक झालो असतो.

मग त्याचा आवाज पूर्वीचा कधी झाला नाही. पण तीन बोटं पुन्हा वर यायला लागली, आणि बेट्टी आरशात बघून पुन्हा मान हलवायला लागली, नाही म्हणून, रोस्टसाठी. आता रोस्ट खायला घरी कुणी नव्हतं, तरीही. मला वाटतं, ते भांडण दोघांनी सांभाळून ठेवलं होतं.

आणि मग त्याची माती. शनिवार सकाळ, तेच चर्च. खालच्या स्वयंपाकघरात बायकांनी जेवणाची तयारी मांडलेली. आमची पुलाव-रायत्याची पातेली आणि ओव्हनमध्ये बेट्टीचा रोस्ट, वास वरपर्यंत. नवा पास्टर तरुण, भला पोरगा, त्याला काही माहीत नाही. दफनभूमीची वेळ ठरलेली म्हणून तो घड्याळ बघून म्हणाला, "आपण गीत म्हणू या. पहिलं, दुसरं आणि चौथं."

मी ढोलकीवर हात ठेवून बसलो होतो. ठरलेलंच होतं: दुसरं संपलं की मी उठणार आणि उचलणार, सुरात. त्यासाठी गाडीत गॅरेजपासून चर्चपर्यंत म्हणत आलो होतो. दुसरं संपलं. मी उठलो. तोंड उघडलं. आणि आतून... काहीच आलं नाही. मी, ज्याच्या लग्नात भटजींनी 'आता तुम्ही गप्प बसा' म्हणून मंत्र थांबवले होते, तो मी उघड्या तोंडानं उभा! समोर शवपेटी, तिच्यावर फुलं. तोवर लोकांनी चौथं उचललं. गेलं. संपलं. स्वर्गाचं दार उघडलं, सगळे आत गेले, पुस्तकं मिटली, पास्टर माइककडं निघाला. दिलेला शब्द माझ्या तोंडात तसाच राहिला.

आणि ऑर्गन थांबेना.

बेट्टीनं शेवटचा सूर सोडलाच नाही, त्यातूनच पुन्हा चाल सुरू केली, पहिल्या सुरापासून. पास्टर अर्ध्या वाटेत थबकला. तिनं आरशात पाहिलं, मागच्या रिकाम्या बाकाकडं. आणि एक हात चालीवर ठेवून दुसरा वर केला. तीन बोटं.

करुणानं आधी ओळखलं. तिचं मराठी अडखळतं, पण हे कडवं तिला बापानं अंगाईसारखं म्हटलेलं. "रात सरेना..." मग मराठी मंडळी, मग अमेरिकनांनी पुस्तकं पुन्हा उघडली, त्यांचं इंग्रजी आणि आपलं मराठी एकाच चालीत. सगळं उलटं झालं होतं! स्वर्गात पोचलेली माणसं परत खाली उतरून दाराशी मान खाली घालून बसली होती. माझ्या तोंडातून शेवटपर्यंत आवाज आला नाही. पण बोटं ठेका धरत होती, आणि गाव येत होतं. मी मागं झोपलेलो होतो एवढंच.

आता तो जाऊन काही आठवडे झाले. गेल्या रविवारी आमची उपासना झाली. मागच्या बाकावर त्याच्या जागी कुणी बसत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण नाही बसत. मी ढोलकी लावताना सवयीनं तिकडं पाहतो, सूर बरोबर आहे का हे त्याच्या भुवईवरून कळायचं. आता अंदाजानं लावतो. चढाच लागतो.

मातीच्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. दफन करून आम्ही जेवायला परतलो. मी बेट्टीला गाठलं, ताट हातात घेऊन. माझा आवाज परत आला होता आणि त्याला फार बोलायचं होतं. म्हटलं, बाई, काय केलंत! पास्टरनं सांगितलेलं मोडलंत, दफनभूमीची माणसं ताटकळली, इतक्या वर्षांचं तुमचं व्रत मोडलं, आणि खाली तुमचा रोस्ट, मला तर वर जळका वास आला, शपथेवर, त्याचा विचार नाही केलात?

तिनं शांतपणे माझ्या ताटात एक तुकडा वाढला. छान गुलाबी होता.

"वर येतानाच ओव्हन बंद केला होता," ती म्हणाली.